न बोलणाऱ्या तोंडाचा हक्क

जो मागू शकत नाही, त्याचा आपल्यावर हक्क असतो का? प्रश्न तत्त्वज्ञानाच्या पुस्तकातला वाटतो. पण दवाखान्याच्या अतिदक्षता विभागात तो रोज उभा राहतो. विचारणाऱ्याला मात्र आवाज नसतो.

ज्या रुग्णाला स्वतःचा श्वास पुरत नाही, त्याच्या तोंडातून श्वासनलिकेत नळी घालून ती व्हेंटिलेटरला जोडतात. नळी स्वरतंतूंच्या मधून जाते, त्यामुळे रुग्ण शुद्धीवर असला तरी बोलू शकत नाही. तोंड अर्धवट उघडे राहते. लाळ सुकते, ओठ फाटतात, दातांवर थर चढतो आणि त्या थरात जंतू वाढतात. नळीच्या खालच्या टोकाजवळ हवेचा लहान फुगा असतो. तो वाट अडवतो, पण पूर्ण नाही. तोंडातली दूषित लाळ त्याच्या कडेने फुफ्फुसात झिरपते आणि न्यूमोनिया होऊ शकतो. मूळ आजारातून सावरणारा माणूस अशाने दगावू शकतो.

उपाय साधा आहे. उशाची बाजू ३० ते ४५ अंश उंच ठेवायची. मऊ ब्रशने दात, हिरड्या, जीभ स्वच्छ करायची, साचलेले पाणी सक्शनने ओढून घ्यायचे, ओठ ओलसर ठेवायचे. नळी हलू नये म्हणून ती एकाने धरायची, दुसऱ्याने घासायचे. अनेक वर्षे यासाठी क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशक औषधावर भिस्त होती. पुढे अभ्यासांतून त्याच्या उपयोगाविषयीच शंका निर्माण झाली. २०२२ साली अमेरिकेतील तज्ज्ञ संस्थांनी आपल्या मार्गदर्शक सूचनांत सांगितले की रोज ब्रशने दात घासा, पण क्लोरहेक्सिडिन वापरू नका. २०२३ च्या अखेरीस १५ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. दात घासल्या गेलेल्या रुग्णांमध्ये न्यूमोनिया कमी आढळला, अतिदक्षता विभागातील मृत्यूही कमी आढळले. दिवसातून दोनदा घासणेही पुरेसे दिसले.

म्हणजे बाटलीतल्या औषधापेक्षा माणसाचा हात अधिक उपयोगी पडला. पण हात अपुरे असतात. हृदयाचे ठोके बिघडले की यंत्र ओरडते. तोंड अस्वच्छ राहिले तर काहीच वाजत नाही. तक्रार करायची ती तोंडानेच, आणि तेच तोंड नळीने अडवलेले. म्हणून हे काम सहज राहून जाते, आणि राहिल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही. वर्गात हात वर करणाऱ्या मुलाकडे शिक्षकाचे लक्ष आपोआप जाते. गप्प बसणाऱ्याकडे ते मुद्दाम न्यावे लागते.

काहींना वाटेल, परिचारिकेने हे केले तर तिचा मोठेपणा. मला हे पटत नाही. उपकार न केल्याबद्दल कोणी जाब विचारत नाही. हक्क बुडवला तर हिशेब द्यावा लागतो. आपण मय्यतला गुस्ल देतो, तेव्हा ओल्या फडक्याने त्याचे दातही हळुवार पुसतो. तो मागत नाही, आभार मानत नाही. तरी गुस्ल फर्ज-ए-किफाया आहे. कोणी एकाने दिले तर सर्वांची जबाबदारी फिटते, कोणीच दिले नाही तर सारे गुन्हेगार. मी आलिम नाही, फतवा देत नाही. साधा शिक्षक म्हणून इतकेच विचारतो, की मेलेल्याच्या तोंडाची आपण एवढी कदर करतो, तर जिवंत पण मुक्या माणसाच्या तोंडाचा हक्क त्याहून कमी कसा?

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या अखेरच्या आजारातला प्रसंग आपण जाणतोच. ह. अब्दुर्रहमान (रजि.) मिसवाक घेऊन आत आले. प्रेषितांची नजर मिसवाकवर खिळली. ह. आयशा (रजि.) यांनी ती नजर ओळखली, हवी का असे विचारले, त्यांनी मानेने होकार दिला. मग त्यांनी मिसवाक स्वतःच्या दातांनी मऊ करून दिली. मिसवाकच्या सवाबविषयी आपण पुष्कळ ऐकतो. दुसऱ्याचे न बोललेले ओळखणे आणि त्याच्या सोयीसाठी काडी मऊ करून देणे, या गोष्टीही त्याच प्रसंगात आहेत.

नातेवाइकांनी काय करावे? प्रेमापोटी कोणी नळी असलेल्या रुग्णाच्या तोंडात जमजमचे थेंब सोडू पाहतो. ते पाणी फुफ्फुसात उतरू शकते, म्हणून स्वतः काही घालू नये. परिचारिकेला विचारावे, तिने सांगितले तर ओल्या कापसाने फक्त ओठ ओले करावेत. रुग्णाला हात लावण्याआधी सलाम करावा, काय करणार ते सांगावे. त्याला ऐकू येत असेल. आणि भेटीच्या वेळेत रक्तदाब, ऑक्सिजन यांच्या चौकशीबरोबर अदबीने आणखी एक प्रश्न विचारावा: आज यांचे दात घासले का? पुरेशा परिचारिका नेमणे हे दवाखान्याचे आणि सरकारचे काम आहे, तेही मागावे. रुग्ण विचारू शकत नाही, म्हणून हा प्रश्न आपल्यावर येतो.