दोन जावा आणि एक दार

सूरजागडच्या डोंगराखाली एका टोल्यावर दोन जावा राहत. अंगण एक, चुली दोन. बांधावरच्या मोहाची फुलं कोणी वेचायची यावरून उन्हाळ्यात वाजलं होतं. श्रावण लागला तरी अबोला सुटला नव्हता.

थोरलीच्या पोराला जुलाब लागले. नाला दुथडी भरलेला, एटापल्लीचा दवाखाना पलीकडे. घरात साखर नव्हती, म्हणून तिने मिठाचं पाणी पाजलं. ते अंगी लागेना. थोरली विहिरीवर गेलेली पाहून धाकटीने गुपचूप साखरेचा दाट पाक पाजला. जुलाब आणखी वाढले आणि अबोल्याचं भांडण झालं.

आरडाओरडा ऐकून आशाताई आली. तिने पोराच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती कातडी सावकाश बसली, म्हणजे अंगातलं पाणी घटलं होतं. ओआरएसची पाकिटं संपलेली होती.

"मीठ कोणाकडे? साखर कोणाकडे? दोन्ही आणा."

उकळून गार केलेलं एक लिटर पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. ढवळता ढवळता ती म्हणाली, "आतड्याच्या पेशीला पातळ पडदा असतो, त्यात एक दार. मिठातल्या सोडियमचे दोन कण आणि साखरेतल्या ग्लुकोजचा एक, असे जोडीने आले तरच ते फिरतं. ते आत गेले की मागोमाग पाणी जातं. जुलाबातही हे दार बहुधा शाबूत राहतं. नुसत्या मिठाने ते फिरत नाही. आणि पाक दाट झाला की उलट अंगातलंच पाणी आतड्यात ओढलं जातं. तुम्ही दोघींनी माया केली, पण वेगवेगळी केली."

या जोडीची कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडली. १९७१ मध्ये बंगालातल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली, सलाइन अपुरं पडलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी असंच पाणी पिंपांत भरून वाटलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आलं. एवढं मोठं औषध, आणि सामान वाण्याच्या दुकानातलं!

त्या रात्री एकीने वाटी धरली, दुसरीने चमचा. झोप आली की पाळी बदलायची. पहाटे पोराला लघवी झाली तेव्हा आशाताई घरी गेली. पुढच्या उन्हाळ्यात मोहाची फुलं दोघींनी एकाच टोपलीत वेचली.

तुमच्या घरी असा प्रसंग आला तर पाणी तोडू नका, अंगावरचं दूधही चालू ठेवा. माप मात्र चुकवू नका, मीठ जास्त झालं तर घातक आहे. शौचात रक्त दिसलं, मूल सुस्त पडलं किंवा पाणीही पिईना, तर घरी थांबू नका, दवाखाना गाठा.