बाकीचे रकाने

दहावी-बारावीचे निकाल लागले की गोंदिया जिल्ह्यातल्या तहसील कार्यालयांत जुन्या कागदांसाठी माणसांची रीघ लागते. जात पडताळणीला पुरावा लागतो आणि तो ठरावीक तारखेआधीचा असला तर काम सोपे होते. अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961, इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967. मग कोतवाल बुक शोधले जाते, जमीन महसुलाच्या बंदोबस्ताची मिसल काढली जाते, शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर उघडले जाते. गोंदिया जिल्हा 1 मे 1999 ला वेगळा झाला, त्याआधी सारे भंडाऱ्यातच होते. म्हणून काहींना भंडाऱ्याचीही वारी घडते. पणजोबांचे नाव सापडते, जातीचा रकाना दिसतो, नक्कल हातात पडते आणि वही मिटते.

ती वही इतक्यात मिटू नये असे मला मनापासून वाटते. आपले आजे-पणजे रोज कसे जगले, हे कुणी लिहूनच ठेवले नाही अशी आपली समजूत असते. लिहिलेले असते. ते भलत्याच कामासाठी लिहिलेले असते आणि आपण आपल्या कामापुरता एकच रकाना वाचून उठतो.

कोतवाल बुकच घ्या. गावात जन्म झाला, मृत्यू झाला, की त्याची वर्दी कोतवालाने द्यायची. बरेच कोतवाल निरक्षर असत. ते आठवून सांगत आणि दुसरे कुणी लिहून घेई, कुठे मराठीत, कुठे हिंदीत. अमक्याला मुलगा झाला, तमक्याला मुलगी झाली. बाळाचे नाव बहुधा नाहीच, आणि जिने जन्म दिला तिचेही नाव क्वचितच. मृत्यूच्या पानावर कारणाचा रकाना असतो. तिथे ताप, हगवण, हैजा, देवी. ही पाने सावकाश उलटली की आपल्याच घराण्यात किती लेकरे वर्षाच्या आत गेली ते दिसते. पणजीला आठ मुले झाली आणि तीन जगली, हे आपण घरात सहज बोलून जातो. त्या पाच नोंदी पाच वेगवेगळ्या पानांवर वाचताना तसे सहज बोलता येत नाही.

1918 चे पुस्तक हाती लागले तर पावसाळ्यानंतरची पाने जरूर पाहा. त्या वर्षी इन्फ्लुएंझाची साथ देशभर पसरली आणि तेव्हाचा आपला मध्यप्रांत तिने सर्वांत जास्त होरपळलेल्या भागांपैकी एक होता. साथीचा जोर सप्टेंबर ते नोव्हेंबर असा होता. आपल्याकडे तेच दिवस धान निसवण्याचे आणि कापणीचे. पाऊसही त्या साली दगा देऊन गेला होता. घरोघरी माणसे तापाने फणफणत असताना बांधीतले उरलेसुरले धान कुणी कापले असेल, बैलांना पाणी कुणी दाखवले असेल, लहान मुलांना कुणी जेवू घातले असेल? वहीत फक्त ‘ताप’ लिहिलेले आहे. पण हे प्रश्न पडले, तरच ते वर्ष आपल्याला जरा कळू लागते.

दुसरा कागद वाजिब-उल-अर्ज. नाव अरबी-फारसी वळणाचे असले तरी मजकूर अगदी घरचा. मालगुजारीच्या, म्हणजे गावचा सारा भरणाऱ्या मालगुजारांच्या काळात, बंदोबस्ताच्या वेळी गावचे रिवाज त्यात लिहून ठेवले गेले. गुरे कुठे चरायची, जळाऊ लाकूड कुठून आणायचे, तलावाचे पाणी कोणत्या हक्काने घ्यायचे, कुठल्या वाटेवरून जायचे. 31 मार्च 1951 ला मालगुजारी संपली, तरी हे कागद संपले नाहीत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 मध्ये कलम 161 निस्तार पत्रकाचे आहे आणि कलम 165 वाजिब-उल-अर्जचे. लाकूडफाटा, मुरूम, रेती, माती, दगड यांवरचा गावाचा हक्क निस्तार पत्रकात येतो. ओलिताचा, वाटेचा, मासेमारीचा हक्क वाजिब-उल-अर्जमध्ये. या यादीकडे नीट पाहिले की एका दिवसाचे सारे काम नजरेसमोर येते. चूल पेटवायला काडी, भिंत लिंपायला माती, गुरांना चारा, संध्याकाळच्या भाकरीबरोबर मासळी. राजांच्या बखरींत यातले काही नाही. इतिहास म्हणून मला तरी हा कागद बखरीपेक्षा मोलाचा वाटतो.

आणि नुसता कागदच पुरावा असतो असेही नाही. वनहक्क कायदा 2006 चा. त्याच्या नियमांनी गावातल्या वडीलधाऱ्यांचे लेखी घेतलेले निवेदन पुरावा म्हणून मान्य केले आहे. जंगलावर परंपरेने जगणाऱ्या इतर रहिवाशांना 13 डिसेंबर 2005 च्या आधी तीन पिढ्यांचे वास्तव्य दाखवावे लागते आणि कायद्याने एक पिढी 25 वर्षांची धरली आहे. म्हणजे त्या तारखेच्या 75 वर्षांमागचे गाव सांगायला कुणीतरी लागते. मोहफुले कुठे वेचत, तेंदूपाने कुठून तोडत, देव कोणत्या झाडाखाली होता, प्रेत कुठे नेत, हे सांगणारा म्हातारा माणूस ग्रामसभेत बसला की तो गावाचा साक्षीदार असतो. एरवी त्याच्याशी कुणी दोन शब्द बोलत नाही, ही आपल्या घराघरांतली गोष्ट आहे.

म्हाताऱ्यांच्या आठवणीतून काय उभे राहते, ते अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या तलावांवर दिसले. पूर्व विदर्भातले हे तलाव बहुतांशी कोहळी समाजाने बांधले. नवेगावबांधचा मोठा तलाव कोलू पाटील कोहळी यांच्या नावाने ओळखला जातो. मालगुजारी गेल्यावर हे माजी मालगुजारी, म्हणजे ‘मामा’ तलाव झाले. गाळ साचला, बेशरम माजली, गावठी मासे दिसेनासे झाले. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि मनीष राजनकर यांनी मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाबरोबर काम सुरू केले, तेव्हा जुन्या मासेमारांना विचारावे लागले: पूर्वी कोणता मासा होता, तो काय खायचा, कुठे अंडी घालायचा, पाण्यात कोणती वनस्पती असायची? उत्तरे मिळाली. त्या पाणवनस्पती शोधून आणून तलावात हातांनी लावल्या गेल्या. बायाही त्यात उतरल्या. जे कोणत्याही खात्याच्या फायलीत नव्हते, ते रोज जाळे टाकणाऱ्याच्या डोक्यात होते.

नवेगावबांधलाच मारुती चितमपल्ली वनाधिकारी असताना माधवराव पाटील डोंगरवारांजवळ बसत, ऐकत. चितमपल्लींनी ऐकले आणि लिहिले म्हणून तिथले पाणी, पाखरे आणि माणसे मराठी वाचकांच्या घरात आली.

मात्र पुरुष मासेमाराला, पाटलाला विचारणारे कुणीतरी भेटते. बायांना कोण विचारते? गोंदियाची ओळख तांदळाच्या गिरण्यांची आणि बिडीची. गिरणी येण्याआधी धान उखळात कांडणारे हात बायांचे होते. घरी बसून बिड्या वळणाऱ्या हातांत मोठा वाटा बायांचाच होता, आणि मजुरी हजार बिड्यांवर. हजार पूर्ण व्हायला किती वेळ लागे, मांडीवर सूप असताना रडणारे पोर कोण घेई, बिड्या गोळा करणाऱ्या सट्टेदाराने छाट काढून काही बिड्या खराब म्हणून बाजूला टाकल्या की त्या रात्री घरी काय शिजे, हे कोणत्याही पुस्तकाच्या कोणत्याही रकान्यात सापडणार नाही. हे ज्यांना माहीत आहे त्या आज सत्तरी-ऐंशीत आहेत. काही जणी शेजारच्याच खोलीत आहेत.

त्यांना ‘तुमच्या काळी कसे होते?’ असे विचारून चालत नाही. ‘आमचं काय, काम करत होतो’ एवढेच उत्तर येते. लहान प्रश्न विचारावा. लग्न होऊन आलीस तेव्हा पाणी कुठून आणायचीस? रोवण्याच्या दिवसांत किती वाजता उठायचीस? पहिली चप्पल कधी घातलीस? छोट्या रेल्वेगाडीने माहेरी जाताना शिदोरीत काय असायचे? तान्हे बाळ बांधीच्या धुऱ्यावर कशात निजवायचीस? आणि हे घरच्या बोलीत विचारावे, पोवारीत, झाडीबोलीत, गोंडीत, जी असेल तीत. पुस्तकी मराठीत विचारले तर ती पदर सावरून पुस्तकी उत्तर देईल.

दिवाळी झाली की गावोगाव मंडईची जत्रा भरते, रात्री नाटक असते, लेकी-जावई घरी येतात. यंदा त्या गर्दीतला एक तास काढा आणि घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईजवळ वही घेऊन बसा. फोनवर आवाज भरून घेतलात तर आणखी चांगले. पहिल्या ओळीत तिचे पूर्ण नाव लिहा, माहेरच्या नावासकट. मग पाण्यापासून विचारायला सुरुवात करा.