लाळेसाठी मागणं

पांडुरंगा, आज तुझ्याकडे लाळ मागायला आले आहे. स्वतःसाठी नव्हे, तोंडाच्या, घशाच्या कर्करोगावर किरणांचा शेक घेऊन जे वाचले त्यांच्यासाठी. जीव वाचला ना, मग तोंड कोरडं पडलं तर एवढं काय, असं त्यांना घरी ऐकावं लागतं. आमच्या दवाखान्यांतही ऐकावं लागतं. तू तसं म्हणू नकोस. लाळ तूच दिलीस, तिचं मोल तुला ठाऊक आहे.

कानापुढे एक जोडी, जबड्याखाली दुसरी, जिभेखाली तिसरी, आणि ओठ, गाल, टाळूच्या अस्तरात शेकडो बारीक ग्रंथी तू दडवून ठेवल्यास. जेवताना कानापुढच्या ग्रंथी धावून येतात. एरवी, घासाची चाहूलही नसताना, तोंडातला ओलावा राखण्याचा मोठा भार जबड्याखालच्या ग्रंथी उचलतात. त्यांच्यामुळे घास कालवला जातो, चव जिभेला लागते, दात किडीपासून राखले जातात, शब्द अडखळत नाहीत. इतकी नेमकी व्यवस्था, आणि तिच्याबद्दल तुझे आभार मानायचं आम्हाला सुचतं ते सगळं आटल्यावर.

गाठ जाळायला ६० ते ७० ग्रे मात्रेचे किरण लागतात. आठवड्यातले पाच दिवस, सहा-सात आठवडे. कानापुढच्या ग्रंथीवर सरासरी २५ ग्रेच्या आसपास किंवा त्याहून कमी मात्रा गेली तर ती पुढे बरीचशी सावरते. पण तंबाखू, मिश्री, गुटख्याने पोखरलेल्या तोंडातली गाठ आणि तिची मानेतली मुळं याच ग्रंथींच्या शेजाराला असतात. किरणांना हवा तसा आकार देणारी आयएमआरटी आली, त्याबद्दल तुझे उपकार. ब्रिटनमधल्या पारस्पोर्ट चाचणीचे निष्कर्ष २०११ साली आले: वर्षभरानंतर त्रासदायक कोरड जुन्या पद्धतीत शंभरातल्या ७४ जणांना होती, नव्या पद्धतीत ३८ जणांना. मुंबईच्या टाटा रुग्णालयातल्या तुलनेतही नव्या पद्धतीने कोरड कमी झाली. पण देवा, ते ३८ जण माझ्या नजरेसमोरून हलत नाहीत.

त्यांच्यापैकी कुणी पुढच्या तपासणीसाठी एमआरआयच्या बोगद्यात निजेल तेव्हा तू जवळ राहा. चेहऱ्यावर घट्ट मुखवटा बांधून घेत ज्याने रोजचा शेक सोसला, त्याच्या डोक्याभोवती पुन्हा पिंजरा येतो, कानात ठणठणाट सुरू होतो. घसा कोरडा असला की ठसका येतो, आणि ठसका आला की चित्र हलतं. तंत्रज्ञाला त्याच्यावर चिडू देऊ नकोस. बाहेर काढून घोटभर पाणी पाजण्याइतकी सवड त्या रांगेतही मिळू दे.

या यंत्राबद्दल तुझे किती आभार मानू? ज्याने एवढे किरण झेलले त्याला पाहायला पुन्हा क्ष-किरण लागत नाहीत. चुंबक आणि रेडिओलहरी देहातल्या पाण्याकडूनच बातमी काढतात. शेकलेली ग्रंथी महिन्यागणिक आक्रसताना दिसते. पेशी मेल्या की मधल्या जागेत पाणी सैल फिरू लागतं, तेही मोजता येतं. आणि लाळेच्या नळ्या पाहायला तर शिरेतून औषधही द्यावं लागत नाही, आतली लाळच उजळून येते. शेकाआधी जिभेवर लिंबाचा रस टाकला की पाटाला पाणी सुटावं तशा त्या नळ्या भरतात. शेकानंतर त्याच लिंबाला ग्रंथीकडून क्षीण ओ येते, कधी येतच नाही. घरी कुणी न मानलेली तक्रार तिथे पडद्यावर असते, सगळ्यांना दिसेल अशी.

म्हणून ही चित्रं वाचणाऱ्या माझ्या डोळ्यांसाठी मागते. गाठ परत आलेली नाही, एवढं लिहून मी उठू नये. ग्रंथींचा आकार, त्यांचा पोत, नळ्यांची अवस्था लिहायचा मला कंटाळा येऊ नये. आणि चित्रात ग्रंथी बरी दिसली पण माणूस म्हणाला की भाकरी उतरत नाही, तर माणसाचं खरं मानायची बुद्धी दे.

किरणांची आखणी करणाऱ्यांनाही सावध ठेव. ग्रंथी उपचार चालू असतानाच लहान होते, आत सरकते, आणि पहिल्या दिवशीची आखणी तिच्यावर जास्त मात्रा टाकू शकते. ते वेळीच दिसो. एमआरआय आणि किरणयंत्र एकाच जागी असलेली यंत्रं आता आली आहेत. नेदरलँड्समधल्या उट्रेख्तला २०१७ साली अशा यंत्रावर उपचार सुरू झाले. ती नजर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरून परळला टाटाच्या खेपा घालणाऱ्यांनाही लाभू दे. ज्याला पैशाची आणि गावच्या एसटीची चिंता आहे, त्याची ग्रंथी कमी मोलाची ठरू नये. ग्रोनिंगेनच्या संशोधकांनी २०१५ साली दाखवलं की ग्रंथीला पुन्हा उभं करणाऱ्या मूळपेशी मोठ्या नळ्यांजवळ दाटलेल्या असतात. तो कोपरा राखून रुग्णाला किती सुख मिळेल हे अजून नीट ठरायचं आहे. ते शोधणाऱ्यांना चिकाटी दे, आणि खोटी आशा विकणाऱ्यांना आमच्या रुग्णांपासून दूर ठेव.

ज्यांची लाळ आता परतायची नाही त्यांचे दात सांभाळ. त्यांना फ्लोराइड वेळेवर मिळो, दात काढण्याआधी शेक झाल्याचं दंतवैद्याला सांगायची आठवण राहो, म्हणजे जबड्याचं हाड सडायची वेळ येणार नाही. उशाशी तांब्या भरलेला असो. आणि घरात जी कुणी त्यांच्यासाठी रोज भात मऊ शिजवते, कालवण वेगळं काढून पातळ करते, तिला बळ दे, आणि तिच्या मदतीला घरातलं आणखी कुणी उठू दे.