धैर्य शिकविता येते का?

कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या आमच्या धाकट्या बहिणीचा फोन आला, तेव्हा तिच्या आवाजात काळजी होती. शालेय शिक्षण संपवून तिचा मुलगा तेथील कम्युनिटी कॉलेजात दाखल होणार होता. अभ्यासक्रम म्हणून त्याने घरात दोनच नावे काढली होती, अग्निशमन किंवा पोलीस. "बंबवाला झाला तर होऊ दे, पण पोलीस नको. दादा, तू त्याच्याशी बोल," एवढेच ती म्हणाली. आम्ही होकार दिला खरा, परंतु त्याला सांगायचे काय, याचा विचार करताना आम्हीच एका जुन्या प्रश्नापाशी येऊन थांबलो. माणसाला धैर्य शिकविता येते का?

कम्युनिटी कॉलेज ही खास अमेरिकी संस्था. इलिनॉय राज्यातील जॉलिएट येथे 1901 साली तिचा आरंभ झाला. आज एकट्या कॅलिफोर्नियात अशी 116 महाविद्यालये आहेत. शुल्क माफक, गुणांची कडक अट नाही, दिवसा नोकरी करून संध्याकाळी शिकणारेही पुष्कळ. परिचारिका आणि मोटार दुरुस्त करणारे कारागीर येथे घडतात, तसेच अग्निशमन दलाचे जवान आणि पोलीसही घडतात. समाजाने ज्यांच्या हाती आपले प्राण सोपवायचे, त्यांना समाजाच्याच पैशाने, घराजवळच्या शाळेत शिकवावे, ही कल्पना मुळात सुंदर आहे.

आमच्या बहिणीचा प्रश्न मात्र या महाविद्यालयांहून कितीतरी जुना आहे. प्लेटोच्या 'लाखेस' या संवादात दोन वडील हाच प्रश्न घेऊन येतात. चिलखत घालून लढण्याची कला आपल्या मुलांना शिकवावी की नाही, असे ते दोन सेनापतींना विचारतात. एक सेनापती म्हणतो, जरूर शिकवा. दुसरा म्हणतो, या कलेच्या एका नामांकित शिक्षकाची खऱ्या लढाईत कशी फजिती झाली, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. मग सॉक्रेटिस दोघांनाही मूळ प्रश्नाकडे वळवितो. धैर्य म्हणजे काय, हेच ठाऊक नसेल तर ते देणारे शिक्षण कसे निवडणार? संवाद उत्तराविना संपतो.

अग्निशमनाच्या शाळेत काय शिकवितात, ते पाहिले म्हणजे पहिल्या सेनापतीचे म्हणणे पटते. तेथील अनेक दले भरतीपूर्वी एक ठरावीक शारीरिक चाचणी घेतात. सुमारे तेवीस किलो वजनाचे जाकीट अंगावर चढवून जिने चढणे, पाण्याचा होज ओढणे, शिडी उभी करणे, माणसाच्या वजनाचा पुतळा खेचून नेणे अशी आठ कामे 10 मिनिटे 20 सेकंदांत पुरी करावी लागतात. पुढे प्रशिक्षणात पाठीवर हवेची टाकी घेऊन धुराने भरलेल्या खोलीत शिरण्याचा सराव होतो. जवानाजवळ एक लहान यंत्र असते. तो सुमारे अर्धा मिनिट निश्चल राहिला, तर ते मोठ्याने आक्रोश करू लागते. जळत्या घरात दोघांनी जोडीनेच शिरायचे आणि बाहेर आणखी दोघांनी त्यांच्यासाठी सज्ज राहायचे, असा नियम आहे. या साऱ्या व्यवस्थेमागे एक शहाणपण आहे. एकट्या माणसाच्या धैर्यावर विसंबू नये, त्याच्या भीतीला सोबत्याचा आधार द्यावा. येथे सवय भीतीला नष्ट करीत नाही, पण तिला हातपाय बांधू देत नाही.

पोलिसांची शाळाही पुष्कळ शिकविते. कॅलिफोर्नियात मूलभूत शिक्षणक्रम किमान 664 तासांचा आहे आणि अनेक शाळा त्याहून अधिक वेळ घेतात. कायदा, वाहन चालविणे, शस्त्र, प्रथमोपचार हे सारे त्यात येते. येथेही सोबत्यावर विश्वास ठेवण्याचा धडा पहिल्या दिवसापासून गिरविला जातो. मग दोन व्यवसायांत भेद तो कोणता?

आम्हांला वाटते, भेद समोरच्यात आहे. आगीला चेहरा नसतो, तिला हक्क नसतात. तिच्याशी लढताना दया दाखविण्याचा प्रश्न उद्भवत नाही, आणि आत अडकलेला माणूस कोण, याची चौकशी न करता त्याला बाहेर काढायचे असते. पोलिसाच्या समोर मात्र माणूस उभा असतो. ज्याला आवरायचे, त्याचाही जीव पोलिसाच्याच स्वाधीन असतो. म्हणून बंबवाल्याची सोबत्यावरील निष्ठा सहसा संकटग्रस्ताच्या विरुद्ध जात नाही. पोलिसाची जाऊ शकते.

मिनिआपोलिस येथे 25 मे 2020 रोजी हेच घडले. डेरेक शॉविन या अनुभवी अधिकाऱ्याने जॉर्ज फ्लॉइड यांना नऊ मिनिटांहून अधिक काळ गुडघ्याखाली दाबून धरले आणि त्यात त्यांचा अंत झाला. त्या वेळी सोबत असलेले दोन तरुण पोलीस नोकरीच्या अगदी पहिल्या दिवसांत होते. त्यांपैकी एकाला शॉविननेच प्रत्यक्ष कामाचे धडे दिले होते. सहकारी अतिरेक करीत असेल तर त्याला रोखावे, असा लेखी नियम तेथे आधीपासून होता. दुसऱ्या तरुणाने, याला कुशीवर वळवावे का, असे दोनदा विचारलेही. नकार मिळाला आणि तो पाय धरून बसून राहिला. प्रश्न विचारण्याइतका विवेक जागा होता, उत्तर नाकारण्याइतके धैर्य नव्हते. पुढे न्यायालयाने या तरुणांनाही दोषी ठरविले.

दुसरे उदाहरण टेक्सासमधील युव्हाल्डी गावचे. 24 मे 2022 रोजी एका बंदूकधाऱ्याने तेथील प्राथमिक शाळेत शिरून 19 मुले आणि 2 शिक्षिका यांचा बळी घेतला. निरनिराळ्या दलांचे मिळून 376 पोलीस तेथे गोळा झाले, तरी वर्गात शिरून त्याला ठार करण्यास 77 मिनिटे लागली. अशा प्रसंगी थांबू नये, थेट आत जावे, हे त्याच गावात दोनच महिन्यांपूर्वी प्रशिक्षणात शिकविले गेले होते.

पहिल्या प्रसंगी बळाचा अतिरेक झाला, दुसऱ्या प्रसंगी बळ असून ते निष्क्रिय राहिले. दोन्हींचे मूळ मात्र आम्हांला एकच दिसते. जो तो आपल्या सोबत्याकडे किंवा वरिष्ठाकडे पाहत राहिला. मिळून कृती करण्याचे शिक्षण त्यांना भरपूर मिळाले होते. एकट्याने पाऊल उचलण्याची वेळ आली, तेव्हा ते अपुरे पडले. संत थॉमस अक्वायनास म्हणतात की धैर्याचे मुख्य कर्म हल्ला करणे हे नव्हे, तर संकटात अविचल टिकून राहणे हे आहे. आपल्याच माणसांची नाराजी पत्करून सत्याशी टिकून राहणे, हे त्यातले सर्वांत कठीण.

हे कठीण काम शाळेतल्या काही शे तासांत कसे यावे? कॅलिफोर्नियाने 2021 साली कायदा करून पोलिसाचे किमान वय 18 वरून 21 केले आणि कम्युनिटी कॉलेजांसाठी नवा पोलीस पदवीक्रम तयार करण्यास सांगितले. हे योग्यच झाले. पण सद्गुण सवयीने अंगी मुरतात, हे ॲरिस्टॉटलचे म्हणणे खरे असेल, तर ती सवय एकविसाव्या वर्षाच्या फार आधी, घरात लागते किंवा मोडते.

येथे आम्हांला आमचीच एक गोष्ट आठवली. भाचा दहा वर्षांचा असताना सुटीत वसईला आला होता. पावसामुळे उशिरा आलेल्या गड्याची आम्ही अर्ध्या दिवसाची मजुरी कापली. "मामा, पण तो काळोख पडेपर्यंत वाडीत होता," असे मुलगा सर्वांदेखत बोलला. मोठ्यांच्या व्यवहारात तोंड घालू नये, असे दटावून आम्ही त्याला गप्प केले. तो गप्प झाला आणि घरातल्या सर्वांनी त्याला शहाणा म्हटले. आपल्या कुटुंबांत आज्ञाधारकपणाला फार मान आहे आणि तो असावाही. पण वडीलधाऱ्यांना नम्रपणे 'हे चूक आहे' म्हणण्याची जागा ज्या घरात नसते, त्या घरातला मुलगा उद्या वर्दीतल्या वरिष्ठाला ते कसे म्हणणार?

आम्ही भाच्याला फोन केला. पोलीस की बंबवाला, याविषयी काहीच बोललो नाही. त्या दिवशी तूच खरा होतास, एवढेच सांगितले. तो थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, "मग मामा, त्याची मजुरी दिलीस का?"

दिली नव्हती. तो गडी केव्हाच आपल्या गावी परतला होता. आता त्याचा पत्ता काढण्याचे काम आमच्याकडे आले आहे. बहिणीला मात्र आम्ही कळविले की मुलाला अडवू नकोस. त्याला जे कॉलेजात शिकविता येणार नाही, ते त्याच्यापाशी आहे. ते घालविण्याचा प्रयत्न आम्ही एकदा करून पाहिला होता.