‘घरी कळलं तर?’

कॅनडातल्या पोर्ट कोक्विटलमची अमांडा टॉड सातवीत असताना एका अनोळखी माणसाने वेबकॅमवर गोड बोलून तिला क्षणभर अंगावरचा कपडा दूर करायला लावला. तो क्षण त्याने टिपून ठेवला. पुढे दोन वर्षांहून अधिक काळ खोट्या नावांची खाती उघडून तो आणखी मागण्या करत राहिला आणि तो फोटो तिच्या ओळखीच्यांपर्यंत पोचवत राहिला. शाळा बदलूनही सुटका झाली नाही. सप्टेंबर 2012मध्ये तिने हातातल्या चिठ्ठ्यांवर लिहून आपली हकीकत यूट्यूबवर सांगितली आणि 10 ऑक्टोबरला, अवघ्या पंधराव्या वर्षी, जीवन संपवलं. गुन्हेगार नेदरलँड्समधला निघाला. कॅनडातल्या न्यायालयाने त्याला तेरा वर्षांची शिक्षा सुनावली, ती 2022मध्ये.

अमांडाच्या घरच्यांना हे ठाऊक होतं, पोलिसांकडे तक्रारीही गेल्या होत्या. तरीही हे घडलं. मग ज्या मुलाने घरी अवाक्षरही काढलेलं नाही, ते किती एकटं पडत असेल?

अशा धमक्यांचं सगळं बळ ‘घरी कळलं तर?’ या एका भीतीत असतं. दुर्दैवाने पुष्कळ घरं ही भीती आपल्याच हातांनी वाढवतात. काही विपरीत कळलं की आधी मोबाइल काढून घेतला जातो, मग बोलणी खावी लागतात, मग ‘तू असं केलंसच का?’ ही उलटतपासणी सुरू होते. मूल हे आधीच ओळखून असतं, आणि धमकावणाराही.

सात-आठ वर्षांच्या मुलाच्या फोनवर निर्बंध हवेतच, त्याबद्दल दुमत नसावं. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022मध्ये रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवण्याची प्रथा सुरू केली. मोठी माणसंही त्यात सामील होतात, हे तिचं खरं मोल. पण चौदा वर्षांची मुलगी उरलेल्या वेळात कोणाशी बोलते, हे भोंग्याला कळत नाही. 2023च्या डेटा संरक्षण कायद्यानेही अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळणीयोग्य संमती घेण्याचं बंधन घातलं आहे. मात्र ज्या घरात आईच्या फोनवरचं ॲप मुलगाच सुरू करून देतो, तिथे ही संमती नेमकी कोण देणार?

म्हणून पालकांनी संकट येण्याआधीच, स्पष्ट शब्दांत मुलाला सांगून ठेवायला हवं: काहीही झालं तरी आधी आमच्याकडे ये, त्यासाठी तुझा फोन जाणार नाही. आणि तो शब्द पाळायला हवा. तो पाळणं सोपं नाही; संताप येतो, घाबरायलाही होतं.

धमकी आलीच तर पैसे देऊ नयेत, कारण दिले की मागणी वाढते. लाजेपोटी संभाषण पुसूनही टाकू नये. स्क्रीनशॉट आणि खात्याचं नाव हाच पुरावा असतो. मुलांसाठी 1098 आणि सायबर फसवणुकीसाठी 1930 या हेल्पलाइन आहेत. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर मुलांच्या लैंगिक शोषणाच्या सामग्रीची तक्रार नाव न देताही करता येते. अमेरिकेतल्या बेपत्ता व शोषित मुलांसाठीच्या राष्ट्रीय केंद्राची ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवाही आहे. तिच्यात फोटो कोणाकडे पाठवावा लागत नाही. फोनवरच त्याचा एक सांकेतिक ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या त्यावरून तो फोटो शोधून हटवू शकतात. सगळीकडून तो जाईलच असं नाही, पण मुलाला हातपाय हलवायला काहीतरी मिळतं.

एवढं करूनही पोलिसांत जायचं म्हटलं की ‘गावभर होईल’ या धास्तीने घरं थबकतात. 2012च्या पोक्सो कायद्याने याचा विचार केलेला आहे. मुलाची ओळख माध्यमांतून उघड करणं हा गुन्हा आहे. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने नोंदवायचा असतो, आणि त्या वेळी अधिकारी गणवेशात नसावा, असंही कायदा सांगतो. शाळेच्या पालकसभेत गुणपत्रिका वाटण्याआधी ही कलमं वाचून दाखवायला पाच मिनिटं पुरतील.