स्वस्ताईचे मोल

स्वस्त वस्तू विकत घेणे हे पाप आहे काय? प्रश्न साधा वाटतो, पण अलीकडे तो घराघरांत, क्वचित कबुलीजबाबाच्या वेळीही, वेगवेगळ्या रूपांत डोकावू लागला आहे. चंद्रपूरच्या गोल बाजारात किंवा देसाईगंजच्या पेठेत जी वस्तू हजार रुपयांना मिळते, तीच मोबाईलवर आठशेला दिसते आणि चार दिवसांत दारी येऊन पोहोचते. अशा वेळी ओळखीच्या दुकानदाराकडून महाग घेणे हे कर्तव्य मानायचे, की तो भाबडेपणा समजायचा?

आरंभीच स्पष्ट केले पाहिजे की काटकसर हा दोष नव्हे. ज्या कुटुंबाला मुलांचे शिक्षण आणि म्हाताऱ्यांचे औषधपाणी तुटपुंज्या मिळकतीत भागवायचे आहे, त्याने दोनशे रुपये वाचवले तर त्याला बोल लावण्याचा अधिकार कोणालाही नाही. किंबहुना एटापल्लीच्या किंवा सिरोंच्याच्या एखाद्या विद्यार्थ्याला नागपूरला न जाता हवे ते पुस्तक त्याच किमतीत घरपोच मिळत असेल, तर ती न्यायाचीच गोष्ट म्हणावी लागेल. आडवळणाच्या माणसाने प्रत्येक वस्तूसाठी अधिक पैसे मोजावेत, असा काही ईश्वरी नियम नाही.

शिवाय दुकान गावातले आहे एवढ्यावरून ते न्यायी ठरत नाही. आपल्या शेजारच्या बस्तरात मिठाच्या बदल्यात मोलाची चारोळी घेऊन जाणाऱ्या व्यापाऱ्यांच्या हकिगती जुन्या लोकांना ठाऊक आहेत. आदिवासींची अशी पिळवणूक थांबावी म्हणूनच १९७२ साली आपल्या राज्यात आदिवासी विकास महामंडळ स्थापन करावे लागले. खोट्या मापाने धान्य विकण्यासाठी सणाचा दिवस केव्हा संपतो याची वाट पाहणाऱ्यांवर आमोस संदेष्ट्याने कोरडे ओढले, ते कोणा परदेशी कंपनीवर नव्हे, तर आपल्याच पेठेतल्या लोकांवर. तेव्हा 'आपला तो चांगला' हे सूत्र नीतीला पुरेसे नाही.

मग शेजारच्या दुकानाचे आपल्यावर काही ऋण आहे की नाही? याचे उत्तर शोधण्यासाठी त्या दोनशे रुपयांच्या फरकात काय काय दडलेले असते हे पाहिले पाहिजे.

आपल्या वनप्रदेशात पैसा बारमाही वाहत नाही. मोहाची फुले चैत्राच्या सुमारास पडतात, तेंदूपत्त्याचा हंगाम मे महिन्यात संपतो आणि धानाचा पैसा दिवाळीनंतर हाती येतो. मधल्या चार महिन्यांत घर चालते ते किराणा दुकानदाराच्या उधारीच्या वहीवर. तो तारण मागत नाही. माणसाचा चेहरा आणि त्याच्या बापाचे नाव त्याला पुरते. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटत आला आहे. अशा दिवसांत कोणतेही पार्सल येत नाही. दुकानात आधी भरून ठेवलेले तांदूळ, मीठ आणि काडेपेटीच उपयोगी पडते. २०१९ च्या पावसाळ्यात तर भामरागडच्या बाजारपेठेतच पाणी शिरले. म्हणजे जो साठा सर्वांच्या आधाराचा, तो बुडण्याचा धोकाही दुकानदाराचाच. उधारीतली ही जोखीम आणि पुरातली ही शाश्वती दुकानाच्या किमतीत मिसळलेली असते. मोबाईलवरच्या किमतीत ती नसते, म्हणूनही ती किंमत कमी असते.

येथे अन्यायाचे नेमके स्थान सापडते. हाती रोख पैसा आला की दूरच्या कंपनीकडे धाव घ्यायची आणि हात रिकामा झाला की वही उघडायला शेजाऱ्याला सांगायचे, हे वागणे न्यायाला धरून नाही. दुकानात जाऊन चार साड्या उलगडायला लावायच्या किंवा मिक्सर चालवून पाहायचा आणि बाहेर पडून तीच वस्तू मोबाईलवर मागवायची, हेही तसेच. त्या दुकानदाराचा वेळ आणि ज्ञान आपण घेतले, मोल मात्र दुसऱ्याला दिले. येथे प्रश्न औदार्याचा नसून कुणाचे काय देणे लागतो याचा आहे.

संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या महाग्रंथात खरेदी-विक्रीतील नीतीची चर्चा केली आहे. वस्तूच्या वाजवी मोलापेक्षा अधिक घेऊन विकणे जसे अन्यायाचे, तसेच त्याहून कमी देऊन विकत घेणेही अन्यायाचे, असे ते मानतात. पण त्यापुढे ते एक सूक्ष्म भेद करतात. एखाद्या वस्तूने घेणाऱ्याचा फार मोठा लाभ होत असेल, तर त्या कारणाने विकणाऱ्याने किंमत वाढवू नये. मात्र घेणाऱ्याने आपण होऊन काही अधिक दिले, तर ते त्याच्या सुजनतेला शोभते. शेजाऱ्याला चार पैसे अधिक देणे हे बहुधा या दुसऱ्या प्रकारात मोडते. त्याची सक्ती करता येत नाही, आणि गरिबावर तर मुळीच नाही. पण ज्याला परवडते त्याला ते शोभते.

विकत घेणे ही केवळ पैशांची देवघेव नसते, हे आपल्या जिल्ह्याने इतरांपेक्षा अधिक जवळून पाहिले आहे. १९४९ साली बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभारण्यास आरंभ केला. कुष्ठरोग्यांनी खडकाळ जमिनीत भाजीपाला पिकवला, पण सुरुवातीला तो घ्यायला लोक धजावत नव्हते. त्या भाजीत खोट नव्हती. नाकारला जात होता तो पिकवणारा हात. पुढे ती भाजी लोक घेऊ लागले, तेव्हा त्यांनी एका अर्थी त्या माणसांनाच समाजात परत घेतले.

आणि आपण देतो ते पैसे जातात कुठे? नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ च्या सुमारास आपल्या शेतातील निराळ्या लोंब्या हेरून, निवडीने 'एचएमटी' हे धानाचे वाण तयार केले. तो तांदूळ आज दुकानात मिळतो, मोबाईलवरही मिळतो. पण २०१८ च्या जूनमध्ये दादाजी वारले, तेव्हा त्यांची परिस्थिती ओढगस्तीची होती. स्वस्त की महाग, एवढेच पाहणाऱ्याला हा माणूस दिसत नाही. याच्या उलट धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवले, २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला आणि आपल्या बांबूच्या विक्रीचा निर्णय गाव स्वतः करू लागले. किंमत ठरवताना कष्टकऱ्याला तोंड उघडता आले की बाजार माणसात येतो.

दुकानदारांनाही दोन शब्द सांगितलेच पाहिजेत. काटा खरा असावा, मुदत संपलेला माल अडाण्याच्या पिशवीत जाऊ नये, आणि उधारी घेणाऱ्याला भावात नाडू नये. ग्राहकाच्या निष्ठेवर हक्क सांगायचा तर ती निष्ठा मिळवावी लागते.

आपल्या घरांत मात्र एवढे तपासून पाहावे: मोबाईलवर दिसेल ती किंमत निमूटपणे देणारे आपण आठवडी बाजारात सूप-टोपल्या घेऊन बसलेल्या बुरूड बाईशी पाच रुपयांसाठी किती वेळ घासाघीस करतो? वस्तू हिणवून भाव पाडायचा आणि वाटेत आपल्याच हुशारीची फुशारकी मारायची, हा ग्राहकाचा स्वभाव नीतिसूत्रकारांनी फार पूर्वीच ओळखला होता. जिच्यापुढे आपले चालते, तिच्याशीच आपण कठोर होतो. पाच रुपयांनी आपले घर तरत नाही. तिचे मात्र संध्याकाळचे तेल त्यात येते. हिशेब करायचाच असेल, तर तो तिच्या बाजूनेही एकदा करून पाहावा.