समोरचा माणूस कोण?

शेअर बाजार म्हणजे जुगार का, असा प्रश्न मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात पुष्कळदा ऐकू येतो. विचारणारा बहुधा मुलाच्या वा पुतण्याच्या काळजीने विचारीत असतो. सरसकट 'होय' म्हणणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. शेअर म्हणजे एखाद्या उद्योगातील वाटा. कारखाना चालला, कामगारांच्या हाताला काम मिळाले, माल खपला, तर वाटेकऱ्यालाही लाभ होतो. त्यात कोणाचे हिरावून घेतलेले नसते. तालांतांच्या दाखल्यातला धनी तर पैसा जमिनीत पुरून ठेवणाऱ्या चाकरावरच रागावतो. (अर्थात प्रभूने तो दाखला शेअर दलालांसाठी सांगितलेला नाही, हेही ध्यानात ठेवलेले बरे!)

बाजार वर-खाली होतो, हेही पाप नव्हे. जानेवारी 2008 मध्ये सेन्सेक्स 21 हजारांच्या पुढे गेला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो काही काळ 8 हजारांच्याही खाली आला. 23 मार्च 2020 रोजी एका दिवसात तो 3,900 हून अधिक अंकांनी कोसळला आणि जानेवारी 2021 मध्ये त्याने 50 हजारांचा टप्पा ओलांडला. ज्यांच्यापाशी थांबण्याइतके होते, ते थांबले. ज्यांना इस्पितळाच्या बिलासाठी त्याच आठवड्यात पैसे हवे होते, त्यांना मिळेल त्या भावात विकावे लागले.

खरा पेच निर्माण झाला तो नव्या साधनांमुळे. 1995 पर्यंत मुंबईच्या दलाल स्ट्रीटवर दलाल समोरासमोर उभे राहून, ओरडून, हातवारे करून सौदे करीत. त्या वर्षी तेथे संगणकाच्या पडद्यावरचे व्यवहार आले. पाठोपाठ कागदी सर्टिफिकेटे जाऊन डीमॅट आले. आता सगळा बाजार खिशातल्या मोबाइलमध्ये मावतो. बनावट सर्टिफिकेटांची आणि टपालात गहाळ होणाऱ्या कागदांची कटकट गेली, हे चांगलेच झाले. पण समोरच्याचा चेहराही गेला. आपल्या बाजारात मासळी विकणारी बाई शिळा माल ताजा म्हणून द्यायला कचरते, कारण तेच गिऱ्हाईक उद्या पुन्हा टोपलीपुढे उभे राहणार असते. मोबाइलवर दिसतो तो फक्त हिरवा नाहीतर तांबडा आकडा.

फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये हे जास्तच खटकते. तेथे कारखान्यात वाटा घ्यायचा नसतो. भाव कुठे जाईल यावर पैसे लावायचे असतात. एकाचा नफा तो दुसऱ्याचा तोटा. सप्टेंबर 2024 मध्ये 'सेबी'ने आपली पाहणी प्रसिद्ध केली. 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत या व्यवहारांत उतरलेल्या 1 कोटीहून अधिक व्यक्तींपैकी 93 टक्के लोक तोट्यात गेले. तोटा सरासरी सुमारे 2 लाख रुपये. यातल्या तीन चतुर्थांशांहून अधिक लोकांनी आपले वार्षिक उत्पन्न 5 लाखांच्या आत दाखवले होते. आणि नफा कोणाला? मुख्यतः मोठ्या कंपन्यांना व परदेशी गुंतवणूकदारांना, तोही बहुतांशी संगणकाच्या आज्ञावलींनी केलेल्या सौद्यांतून. म्हणजे समोर माणूस आहे अशी समजूत होती, तिथे पुष्कळदा यंत्रच होते.

ख्रिस्तसभेचा कॅटेकिझम पैज आणि नशिबाचे खेळ मुळातच अन्यायाचे ठरवत नाही. स्वतःच्या वा इतरांच्या गरजा भागविण्यासाठी जे लागते तेच त्या खेळात जात असेल, तर मात्र ते अमान्य, असे तो सांगतो. ही कसोटी मोबाइललाही लागू पडते. वाडी विकून आलेला पैसा, धाकटीच्या शिक्षणासाठी बाजूला काढलेली ठेव, पतपेढीतून उचललेले कर्ज: यांतून लावलेला डाव स्वतःचा नसतो, घराचा असतो. आणि घराला बहुधा विचारलेले नसते.

ज्यांचे गेले, ते लाजेने बोलत नाहीत. दारूने पोखरलेले घर शेजाऱ्यांना कळते, हे कळत नाही. मुलगा खोलीत शांत बसलेला असतो. अनेक धर्मग्रामांत सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे सभासद घरोघरी जाऊन औषधांची, फीची चौकशी करतात. या घरांतून त्यांना चहा मिळतो आणि 'सगळे ठीक आहे' असे उत्तर मिळते.